गवा ‘असुरक्षित’ म्हणजे नेमकं काय?

राधानगरीकर:
गावच्या शाळेसाठी गव्याचा माहितीफलक लिहितोय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे कुठल्या प्रजातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे त्या यादीत, गवा १९८६ पासून ‘व्हल्नरेबल’ आहे. मी ‘असुरक्षित’ लिहिलं. काकांनी वाचलं आणि म्हणाले, “बरोबर हाय. लई असुरक्षित जनावर, जवळ जाऊ नये.” अर्थ पार उलटा पोचला. शब्द सुचवा. ‘संकटग्रस्त’ नको, ती पुढची पायरी आहे.

शब्दवेडी:
‘संवेदनशील’ही वापरतात, पण मला तो पटत नाही. तो मनाला लागतो, नाहीतर मतदान केंद्राला.

भुदरगडचा:
फलकावर गवारेडा लिहा, म्हणजे लोकांना कळंल तरी.

जुनी पोथी:
गवारेडा चूक आहे. रेडा म्हशीचा नर, गवा गाईच्या कुळातला. मूळ शब्द ‘गवय’. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, उपमानाचं (साम्यावरून ओळखण्याचं) ठरलेलं उदाहरणच आहे, ‘गोसदृशो गवयः’. गाईसारखा, रेड्यासारखा नव्हे.

भुदरगडचा:
माघात रात्रीची लाईट होती म्हणून उसाला पाणी पाजायला गेलो. बांधावर बॅटरी मारली तर आधी दिसले गुडघ्याखालचे पांढरे पाय, वर नुसता काळोख. मग फुसकारा ऐकू आला. त्या घटकेला तोंडातनं गवारेडाच आलं. आमच्या आज्ज्याच्याही तोंडात तोच शब्द होता.

शब्दवेडी:
त्या पांढऱ्या पायांवरून आठवलं. ऋग्वेदात तहानलेला ‘गौर’ पाण्याकडे धावतो. एवढ्या काळ्या जनावराला गौर हे नाव त्या पायांमुळेच पडलं असावं, असं मला फार दिवस वाटतंय.

जुनी पोथी:
हे ओढूनताणून आहे. गौर आणि गवय हे दोन वेगळे शब्द, त्यांची सरमिसळ नको.

गडहिंग्लजकर:
त्याआधी ‘बायसन’ घालवा. दाजीपूरचं जंगल १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, तेही गव्यासाठी. आणि लोक त्याला बायसन अभयारण्य म्हणतात! बायसन अमेरिकेतला आणि युरोपातला. आपल्या जनावराला आपलं नाव नको?

शब्दवेडी:
माझी आई ‘दाजीपूरला बायसन बघायला जाऊया’ असंच म्हणायची. तिच्या तोंडी तो मराठीच शब्द होता.

राधानगरीकर:
मंडळी, माझा फलक राहिला.

गुरांचा डॉक्टर:
एका शब्दाचा हट्ट सोडा, वाक्य लिहा. ‘जंगल तुटणं, शिकार आणि गुरांचे रोग यांमुळे गवा पुढं टिकेलच याची खात्री नाही.’ बुळकांडीनं गोठ्यातली गुरं गेली तसे रानातले गवेही गेले. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, पण लाळ-खुरकत आहेच. खाली मोठ्या अक्षरात लिहा : १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीनं.

राधानगरीकर:
वाक्य घेतो, डॉक्टर. पण गटाचं नाव म्हणून एक शब्द लागणारच. आणि चित्राखाली मादीला काय लिहू? गवी?

भुदरगडचा:
आमच्या घरात गव्याची गाय म्हणतात.

जुनी पोथी:
बघा! मादी गाय, मग नर रेडा कसा?

भुदरगडचा:
ती गाय, त्यो रेडा. आम्ही असंच बोलतो.