आधी इंजिनाभोवतीचे पत्रे तपासा, ऑइल कूलर नंतर

फोक्सवॅगन बीटल गाडीच्या १६०० सीसी इंजिनाला नवा एक्झॉस्ट बसवताना हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेने हीटरची हवा तापवणारे भाग) काढले आणि तेव्हापासून चढावर तेल फार तापतं, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरात कुणीतरी मोठा ऑइल कूलर, म्हणजे तेल थंड करणारी जाळी, बसवायला सुचवलं आहे. माझं ऐकाल तर तो खर्च आत्ताच करू नका.

या इंजिनाला रेडिएटर नाही, सगळी भिस्त पंख्याच्या हवेवर. फॅन श्राउडला, म्हणजे पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाला, दोन्ही बाजूंना हीटरकडे हवा नेणारी तोंडं असतात. एक्स्चेंजर गेले की ती उघडी पडतात आणि सिलिंडरवरून जायची हवा तिथूनच निसटते. ती तोंडं झाकणं लावून घट्ट बंद करा. मागच्या पत्र्यातली रिकामी भोकंही बुजवा, नाहीतर एक्झॉस्टजवळची गरम हवा पंखा परत आत ओढतो. इंजिनाभोवतीचं रबरी सील आणि स्पार्क प्लगच्या वायरींवरची रबरं कडक होऊन फाटलेली असतील तर बदलाच. चार पैशांच्या या वस्तूंवर इंजिनाचं आयुष्य अवलंबून असतं, हे मी मनापासून सांगतोय.

मग कार्ब्युरेटर. मोकळ्या एक्झॉस्टने हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं आणि सिलिंडर हेड तापतात. प्लग पांढरटफटक दिसले तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा घाला.

तुमचं श्राउड जुन्या पद्धतीचं आहे का? त्यात ऑइल कूलर तीन नंबरच्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच उभा असतो, म्हणून तो सिलिंडरच आधी भाजतो. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, थंड इंजिनावर ०.१५ मिमी ठेवा आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर वेळी नीट मोजा.