अनुभव धागा: खिशातला गाण्यांचा डबा तुम्ही काय पाहून निवडलात?

शिवणाचा डबा

काल शिवणाच्या डब्यात बॉबिन शोधत असताना तळाशी काडेपेटीएवढी एक काळी वस्तू हाती लागली. मुलाने विचारले, "आई, या पेन ड्राइव्हला पडदा कशाला?" तो पेन ड्राइव्ह नसून माझा सॅनडिस्क क्लिप प्लस हा गाण्यांचा प्लेअर आहे, २००९ साली तो निवडायला मी तीन आठवडे घेतले होते, हे त्याला सांगताना माझे मलाच हसू आले. फ्रीज घेतानाही आमच्या घरात एवढा खल झाला नव्हता.

तेव्हा मी रोज डोंबिवलीहून मुंबईला जात असे. बाजारात १६० गिगाबाइटचा आयपॉड क्लासिक होता आणि घरातल्या सगळ्या सीडी एका खिशात मावतील या कल्पनेचा मोह मलाही पडला होता. पण मी वहीत हिशेब मांडला. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक मेगाबाइट लागतो, म्हणजे ४ गिगाबाइटमध्ये पासष्ट तासांच्या आसपास संगीत बसते. जाऊन-येऊन रोजचे अडीच तास धरले, तर महिन्यातले कामाचे सगळे दिवस संपेपर्यंत एकही गाणे दुसऱ्यांदा ऐकावे लागणार नव्हते. मग जागेचा प्रश्न मिटला, आणि खरा प्रश्न समोर आला: बायकांच्या डब्यात एक हात कडीला आणि दुसरा पर्सवर असताना गाणे बदलायचे कसे? पडद्याकडे न बघता अंगठ्याने चाचपून दाबता येतील अशी बटणे, आणि ओढणीला अडकवता येईल असा चिमटा, या दोन गोष्टींवर निवड झाली. अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाकरवी तो मागवला. मेमरी कार्डाची खाच आहे हे तर तो हातात आल्यावर लक्षात आले.

तुम्ही काय पाहून घेतलात, आणि पुढे तेच कारण खरे ठरले की भलतेच? सवडीने लिहा.

नऊ सत्तावीसची फास्ट

बटणांबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याकडे हार्ड डिस्कचा आयपॉड होता आणि लोकलच्या धक्क्यांनी आतली चकती बिघडेल, अशी भीती ऑफिसातल्या प्रत्येकाने घातली होती. प्रत्यक्षात ती चकती सतत फिरतच नसे. २००१ च्या पहिल्या ५ गिगाबाइटच्या आयपॉडमध्येही ३२ मेगाबाइटची वेगळी मेमरी होती. पुढच्या साधारण वीस मिनिटांचे संगीत त्यात एकदम भरून घेतले जाई आणि मग चकती झोपी जाई. ठाण्यापासून दादरपर्यंत तो बहुधा झोपलेलाच असायचा, माझ्यासारखा.

तपकीर गल्लीचा भाचा

ताई, तुमचे तीन आठवडे सत्कारणी लागले. मी तीन मिनिटांत निवड केली आणि त्याची फळे भोगली.

२००८ साली पुण्यात रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून मी बिननावाचा 'एमपीफोर प्लेअर' घेतला. वर ८ गिगाबाइट लिहिले होते आणि संगणकाला जोडल्यावर संगणकही ८ च सांगत होता. पहिली शेदोनशे गाणी उत्तम वाजली. त्यापुढची यादीत दिसत, पण वाजवली की शांतता, किंवा मध्येच तिसरेच गाणे. पुढे एका जाणकार मित्राने उलगडा केला. आतली चिप १ गिगाबाइटचीच होती, पण तिच्या नियंत्रकातली माहिती बदलून त्याला आठपट खोटे बोलायला शिकवले होते. जागा संपली तरी संगणक बिनबोभाट लिहीत राहतो, ते लिहिलेले कुठेच उरत नाही किंवा जुन्यावर चढते. तेव्हापासून कोणतेही कार्ड वा प्लेअर घेतला की मी तो आधी काठोकाठ भरतो आणि सगळे परत वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहतो. रात्रभर लागते, पण पैसे परत मागण्याची मुदत संपण्याआधी सत्य कळते.

आणखी एक गंमत म्हणजे नावात एमपीफोर असूनही त्यावर एमपीफोर चालत नसे. प्रत्येक चित्रफीत एएमव्ही नावाच्या प्रकारात रूपांतरित करावी लागे, आणि मग काडेपेटीच्या झाकणाएवढ्या पडद्यावर नायक कोण आणि खलनायक कोण हे आवाजावरून ओळखावे लागे.

चकलीचा सोऱ्या

आमच्याकडेही तोच डबा होता. सासरे त्याला द्रौपदीची उलटी थाळी म्हणत, कारण कितीही वाढले तरी आतून रिकामीच. (कुकर लावला आहे, माझा अनुभव नंतर लिहिते.)

शब्दवेधी

मला दिसत नाही, त्यामुळे माझी निवड दुकानात हातानेच झाली. २०११ साली एका दुकानात मी सात-आठ प्लेअर हाताळले. दुकानदार प्रत्येकाच्या पडद्याचे रंग वर्णन करून सांगत होता, तो भला माणूस होता. मी त्याला म्हटले, "तुम्ही स्वतः डोळे मिटा आणि यातले पॉज कुठे आहे ते सांगा." सातांपैकी दोनच प्लेअर त्या परीक्षेत उतरले, आणि त्यांतला एक या धाग्यातला क्लिप प्लस होता; त्याची बटणे उठावदार असल्यामुळे बोटाला लगेच सापडतात.

तरीही मेनू मुकाच होता. सुरुवातीला मी दाबण्या मोजत असे: खाली तीनदा, मध्ये एकदा, पुन्हा खाली दोनदा. एक दाबणी चुकली की भाषा बदलायची, आणि मग घरातल्या कोणाला तरी हाक मारायची. त्याच वर्षी एका मित्राने त्यावर रॉकबॉक्स बसवून दिले. प्लेअरच्या मूळ आज्ञावलीऐवजी चालणारी ही मुक्त आज्ञावली स्वयंसेवकांनी तयार केली आहे, आणि तिचा मेनू बोलतो. संगणकावर आवाजाची फाइल तयार करून प्लेअरवर ठेवली, की प्रत्येक पर्यायाचे नाव ऐकू येते. फोल्डर आणि फाइलींच्या नावांच्याही छोट्या ध्वनिफिती बनवता येतात, नाहीतर तो नाव अक्षर-अक्षर लावून सांगतो. पहिल्यांदा माझा प्लेअर माझ्याशी बोलला तेव्हा मी अर्धा तास एकही गाणे न लावता नुसता मेनूच ऐकत बसलो होतो.

दुसरी गोष्ट खुणेची. मी गाण्यांइतकीच बोलकी पुस्तके ऐकतो आणि एकेक भाग दोन-दोन तासांचा असतो. बंद केल्यावर पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू होणारा प्लेअर फुकट मिळाला तरी मला नको. रॉकबॉक्समध्ये प्रत्येक पुस्तकाची वेगळी खूण राहते. वेष्टनावर ही गोष्ट कधीच छापलेली नसते, त्यामुळे ती विचारूनच घ्यावी लागते.

शिवणाचा डबा

शब्दवेधी, तुमच्या डोळे मिटण्याच्या परीक्षेपुढे माझी वही फिकी पडली. मी कडीला लटकून जे शिकले ते तुम्ही दुकानाच्या काउंटरवरच सिद्ध केलेत.

विलंबित

खुणेचा मुद्दा ख्याल ऐकणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. पन्नास मिनिटांच्या एकाच फाइलीत तिसाव्या मिनिटाला जायचे असेल, तर बटण दाबून ठेवल्यावर वेग वाढत जाणारा प्लेअर हवा. माझा पहिला प्लेअर इतक्या सावकाश पुढे सरके की मूळ गायनच लवकर पोहोचले असते.

पण माझी खरी तक्रार फटीची आहे. मैफलीच्या सीडीवर ध्वनिमुद्रण अखंड असते. केवळ सोयीसाठी त्याचे तुकडे पाडलेले असतात. एमपीथ्री करताना आवाज ११५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या क्षणाक्षणाच्या नोंदींच्या) चौकटींत बसवला जातो, आणि त्या भरण्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या मागे-पुढे थोडी शांतता चिकटते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे अशी एक चौकट सेकंदाच्या साधारण अडतिसाव्या भागाइतकीच असते. पण त्यात प्लेअरचा पुढची फाइल उघडण्याचा वेळ मिळवला की बरोबर द्रुत सुरू होताना गचका बसतो. तबलजी समेवर येतो आणि सम हुकल्यासारखी वाटते. घरचे म्हणत, "एवढेसे काय ते?" ज्याला ते ऐकू येते त्याला दुसरे काही ऐकूच येत नाही.

म्हणून २०१३ साली दुसरा प्लेअर घेताना मी दोनच गोष्टी तपासल्या: फट न पाडता वाजवतो का, आणि फ्लॅक प्रकारची फाइल चालते का. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीतले काहीही गळत नाही, आणि सीडीच्या तुलनेत जागा साधारण निम्मी लागते. १२८ वर तानपुऱ्याची जवारी मला पाण्याखालून आल्यासारखी वाटे. फ्लॅकवर ती पुन्हा उघडी झाली. दुकानात मी स्वतःच्या कार्डावर एका मैफलीचे सलग दोन तुकडे घेऊन गेलो होतो आणि प्रत्येक प्लेअरवर फक्त त्यांचा सांधा ऐकत होतो. विक्रेत्याने शेवटी मला बसायला स्टूल दिले.

नऊ सत्तावीसची फास्ट

काय सांगता, मला तर ठाण्यापर्यंत विलंबित आणि द्रुत यांत फरकच कळत नाही. पण सांधा ऐकण्याची युक्ती लिहून ठेवली आहे.

खिंडीपलीकडे

एक निराळा मुद्दा, उंचीचा. लडाखच्या सहलीत आमच्यातल्या एकाचा हार्ड डिस्कचा प्लेअर लेहला पोहोचल्यावर कुरकुर करून बंद पडला, आणि त्याने दोष थंडीला दिला. नंतर माहितीपत्रक नीट वाचले, तेव्हा त्यात वापराची कमाल उंची ३,००० मीटर अशी छापलेली सापडली. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक चकतीला टेकत नाही, ते हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हवा विरळ झाली की तो आधार कमी पडतो. माझ्या छोट्या फ्लॅश मेमरीच्या प्लेअरमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तो खारदुंगलावरही वाजत होता. दमून गाणे ऐकण्याची ताकद मात्र माझ्यात उरली नव्हती.

चकलीचा सोऱ्या

कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीतल्या मंडळींनी निर्धास्त राहावे. आमच्या गटात तिथे बंद पडतात ती माणसे.

सिंगापूरचा पाहुणा

मी २००४ साली नोकरीसाठी सिंगापूरला आलो. क्रिएटिव्ह ही इथलीच कंपनी असल्यामुळे ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात तिचे प्लेअर होते. मी मात्र सिम लिम स्क्वेअरमध्ये सहा मजले फिरून, केवळ रूपावर भाळून, दुसऱ्याच एका कंपनीचा चकचकीत प्लेअर घेतला. त्याला गाणी द्यायची तर त्यांचेच सॉफ्टवेअर लागे आणि ते प्रत्येक गाणे आधी स्वतःच्या खास प्रकारात बदलून घेई. संगणक नव्याने बसवावा लागला, तेव्हा प्लेअरवरची गाणी परत काढता येईनात. सहाशे गाणी डोळ्यांसमोर आणि हाताबाहेर. त्यानंतर माझी एकच अट राहिली: जोडल्यावर तो पेन ड्राइव्हसारखा उघडला पाहिजे, आणि गाणी नुसती ओढून टाकता आली पाहिजेत.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे देवनागरी. अनेक प्लेअरवर आपली नावे रांगेने चौकोन म्हणून दिसतात. काहींवर अक्षरे असतात, पण जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसते. मग 'विठ्ठल'ची वेलांटी व सोडून भलतीकडे जाते आणि ठ पायमोडका उभा राहतो. परदेशात बसून आषाढीला हे बघणे जिवावर येते. दुकानात जाताना चार मराठी नावांच्या फाइली बरोबर न्याव्यात.

विलंबित

पाहुणे, माझ्याकडेही चौकोनच दिसत. माझ्या यादीत सगळे राग एकाच चेहऱ्याचे होते.

चकलीचा सोऱ्या

कुकर झाला, आता लिहिते. आजींसाठी आम्ही २०१८ साली सारेगामा कारवां पाहिला. त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली असतात आणि पाच-सहा मोठी बटणे असतात, त्यामुळे निवड सोपी वाटली. आजींनी तो हौसेने महिनाभर वाजवला. मग एके दिवशी म्हणाल्या, "अगं, यात ह्यांचे कीर्तन कुठे लागते?" आजोबा गावच्या देवळात कीर्तन करत आणि त्यांच्या अकरा कॅसेट घरात होत्या. सुदैवाने त्या डब्याला पेन ड्राइव्ह लावता येतो, हे घेताना आमच्यापैकी कोणी पाहिलेही नव्हते. नवऱ्याने टेप रेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकात तार घालून अकराही कॅसेटी उतरवल्या. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्यामुळे दोन रविवार गेले. आता पहाटे हरिपाठाच्या वेळी आजींना बटण कोणते ते सांगावे लागत नाही, कारण आम्ही त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे.

शब्दवेधी

नेलपॉलिशचे दोन-तीन थर दिलेत तर तो ठिपका बोटालाही लागेल. मी आमच्या वॉशिंग मशीनवर तेच केले आहे.

अभ्यासिकेतला कोपरा

सगळ्यांचे वाचून थोडे बिचकतच लिहितो, कारण मी गेल्या वर्षी प्लेअर घेतला आणि मित्र विचारतात की फोन असताना हे कशाला. आमच्या अभ्यासिकेत फोन दारातच जमा करावे लागतात. व्याख्यानांच्या ध्वनिफिती ऐकायला मी ब्लूटूथ नसलेला, तारेचा, साधा प्लेअर घेतला. एकच फसगत झाली. फाइली नावाच्या क्रमाने न वाजता, ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने वाजतात. त्यामुळे पंचायत राज आधी आणि घटनेची उद्देशिका शेवटी आली. काही उपाय आहे का?

तपकीर गल्लीचा भाचा

आहे. स्वस्त प्लेअर कार्डावरची यादी लावून घेत नाहीत, ती जशी लिहिली गेली तशीच वाचतात. कार्ड कोरे करा, आणि फाइली ०१, ०२ अशा क्रमाने एकेक करून भरा. ते कंटाळवाणे वाटले तर कार्डावरच्या या यादीचा (तिला फॅट म्हणतात) क्रम लावून देणारी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

शिवणाचा डबा ताई, तुमचा क्लिप प्लस चालू होतो का? इतकी वर्षे पडून असेल तर आधी बॅटरी फुगली आहे का ते पाहा. कवचाची शिवण उघडलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका.

शिवणाचा डबा

शिवण घट्ट आहे, पाहिली. घरात मिनी यूएसबीची तार शोधण्यात संध्याकाळ गेली. शेवटी ती जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत निघाली. आता ओट्यावर लावून ठेवला आहे आणि पडद्यावर बॅटरीचे चित्र आले आहे. इअरफोनचा मात्र उजवा कान गेला आहे, तो जॅकपाशी डाख देऊन जमेल का?

तपकीर गल्लीचा भाचा

जमेल, पण आतल्या तारांवर लाखेचा थर असतो. तो आधी तापवून जाळा, नाहीतर डाख धरणार नाही.