मदत हवी आहे: लॉगच्या आलेखावर २०११ चा बिंदू रेषेखाली घसरतोय

नमस्कार मंडळी. मी अकरावीला गणित शिकवते. घातांकी फलन (दर वर्षी ठरावीक टक्क्यांनी होणारी वाढ) मुलांना खऱ्या आकड्यांवर दाखवायचं म्हणून महाराष्ट्राच्या जनगणना घेतल्या. १९६१ ला ३.९६ कोटी, मग दर दहा वर्षांनी ५.०४, ६.२८, ७.८९, ९.६९ आणि २०११ ला ११.२४ कोटी.

साध्या आलेखात वक्र वर चढत गेला. मग प्रत्येक आकड्याचा नॅचरल लॉग (e या पायाचा लॉगरिदम) घेऊन पुन्हा काढला, कारण वाढीचा दर कायम असेल तर लॉगचे बिंदू सरळ रेषेत येतात. २००१ पर्यंतचे बिंदू जवळजवळ पट्टीवर बसले, तेव्हा मुलं खूश झाली! पण शेवटचा बिंदू पट्टीच्या चांगलाच खाली. एका मुलीने तर आपली मांडणी चुकली समजून तो खोडला, तेव्हा मलाच वाईट वाटलं, कारण वाढ मंदावल्याची खरी गोष्ट त्याच बिंदूत आहे.

पहिला आणि शेवटचा आकडा धरला तर वाढीचा दर वर्षाला २.०९ टक्के, म्हणजे ३३ वर्षांत दुप्पट. फक्त २००१ ते २०११ धरलं तर १.४८ टक्के, दुप्पट व्हायला ४७ वर्षं. २०३१ साठी पहिल्या दराने १७ कोटी येतात, दुसऱ्याने १५. दोन कोटींचा फरक!

अंदाजासाठी कोणता दर धरावा? की इथे लॉजिस्टिक वक्रच (आधी वेगाने चढून मग एका कमाल मर्यादेजवळ सपाट होणारा) घ्यायला हवा? तो घ्यायचा तर ती मर्यादा कशी ठरवतात? अकरावीच्या मुलांना कळेल अशा भाषेत कुणी समजावून सांगेल का? पुढच्या आठवड्यात हा तास आहे.