झिरो विमानाला परके इंजिन का?

प्रश्न : आज उडणाऱ्या बहुतेक मित्सुबिशी झिरो (दुसऱ्या महायुद्धातील जपानी लढाऊ) विमानांत अमेरिकी प्रॅट अँड व्हिटनी इंजिन का असते? मूळ जपानी साकाए इंजिन दुरुस्त होत नाही काय?

पहिले उत्तर : होते, परंतु सुटे भाग दुर्मिळ आहेत. नाकाजिमा कंपनीचे साकाए आणि प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१८३० ही दोन्ही १४ सिलिंडरांची, हवेने थंड होणारी इंजिने असल्यामुळे, आणि दुसऱ्याचे भाग आजही मिळत असल्यामुळे, ही अदलाबदल सोयीची ठरते; मात्र आर-१८३०चा व्यास किंचित मोठा असल्याने नाकावरचे आवरण बदलावे लागते, आणि जाणकाराच्या डोळ्यांना ते खटकतेच.

दुसरे उत्तर : कॅलिफोर्नियातील चिनो येथील प्लेन्स ऑफ फेम संग्रहालयाचे, १९४४ साली सायपान बेटावर हस्तगत झालेले झिरो मात्र साकाएवरच उडवले गेले आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पंखांचा सांगाडा तरी मूळचा टिकतो का?

पहिले उत्तर : क्वचितच. मुख्य तुळयांतील जस्तयुक्त अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आतून गंजतो.