फर्नेस आणि एसी बदलण्याची तीन कोटेशने : तुलना कशाच्या आधारे करावी?

प्रश्न : एडिसनकर

नमस्कार मंडळी. आमचे एडिसन, न्यू जर्सी येथील घर १९८८ साली बांधलेले, दुमजली, सुमारे २,१०० चौरस फुटांचे आहे. तळघरातील घर गरम करणारी गॅसची फर्नेस १,००,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचे माप, येथे दर तासाचे), ८० टक्के कार्यक्षमतेची आहे आणि बाहेरचा एसी ३ टनांचा (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप, वजनाचे नव्हे) आहे. एसीच्या कॉइलमधून गळती सुरू झाली आहे. त्यातील थंडावा देणाऱ्या आर-२२ वायूचे अमेरिकेतील उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद असल्यामुळे दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही, म्हणून दोन्ही यंत्रे एकदमच बदलण्याचे ठरवले आहे.

पहिल्या कंत्राटदाराने ११,४०० डॉलर सांगितले असून त्यात नवी फर्नेस आताच्यासारखीच, पण एसी ४ टनांचा आहे. दुसऱ्याने १४,९०० डॉलरमध्ये ९६ टक्के कार्यक्षमतेची, पण केवळ ६०,००० बीटीयूची फर्नेस आणि ३ टनांचा एसी देऊ केला आहे. तिसरा हीट पंप (उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात गरम करणारे विजेवरचे यंत्र) आणि जोडीला गॅसची फर्नेस देतो. त्याची किंमत १७,८०० डॉलर असून, २,००० डॉलरची फेडरल करसवलत वजा करून त्याने कागदावर १५,८०० लिहिले आहेत. घरात वयस्कर सासूबाई असतात, त्यामुळे जानेवारीत ऊब कमी पडून चालणार नाही. दुसऱ्याची फर्नेस लहान पडेल का?

उत्तर : डक्टवाले काका

मी बरीच वर्षे याच व्यवसायात असल्याने सविस्तर लिहितो. ही तीन कोटेशने एकाच कामाची नाहीत, म्हणून शेवटचे आकडे शेजारी मांडून काहीही कळणार नाही.

फर्नेसवर लिहिलेला आकडा ती किती गॅस जाळते याचा असतो. घराला किती उष्णता मिळते याचा नसतो. आपली जुनी फर्नेस १,००,००० चे ८० टक्के, म्हणजे ८०,००० बीटीयू देते, तर दुसऱ्याची नवी ६०,००० चे ९६ टक्के, म्हणजे ५७,६०० देईल. हे पुरेल की नाही, हे घराच्या उष्णतेच्या हिशेबावरून ठरते. या हिशेबाला येथे ‘मॅन्युअल जे’ म्हणतात. त्यासाठी खिडक्या, भिंती, माळ्यावरचे इन्सुलेशन आणि घराची दिशा पाहावी लागते. तिघांपैकी कोणी तो केला, हे आधी विचारा आणि त्याची प्रत मागा. आपला थर्मोस्टॅट नोंद ठेवत असेल तर गेल्या हिवाळ्यातील सर्वांत थंड दिवशी फर्नेस किती तास चालली तेही पाहा. खुद्द आपल्या घराचेच ते मोजमाप असते.

४ टनांचा एसी मात्र मला अजिबात पटत नाही. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते; ३ टनांसाठी घातलेल्या डक्टमधून (घरभर हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांतून) १,६०० घनफूट हवा ढकलली तर आवाज वाढतो आणि पंख्यावर ताण येतो. शिवाय मोठे यंत्र घर झटकन थंड करून बंद पडते, त्यामुळे न्यू जर्सीच्या ऑगस्टमधील दमटपणा घरातच राहतो. ‘त्याच पैशात मोठे यंत्र’ हा येथे फायदा नव्हे, तोटा आहे.

तिसऱ्याने वजा केलेली फेडरल करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना लागू नाही, म्हणून त्याची किंमत १७,८०० हीच धरा. हीट पंप उत्तम यंत्र आहे, पण त्याचा हिशेब आपल्या वीज आणि गॅसच्या बिलांवरून करावा.

उत्तर : समरसेटहून

एक मुद्दा सुटू नये असे वाटते. आपला पाणी तापवण्याचा गॅसचा बंब आणि फर्नेस यांचा धूर एकाच विटांच्या चिमणीतून जातो का? ९६ टक्केवाल्या फर्नेसचा धूर पीव्हीसी नळीने भिंतीतून बाहेर काढतात, त्यामुळे चिमणीत एकटा बंब उरतो. त्या मानाने चिमणी फार मोठी ठरते, धूर वर जाण्याआधीच थंड होतो, आतून ओल धरून विटा खराब होतात, आणि कार्बन मोनॉक्साइड तळघरात परतण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणजे चिमणीत योग्य मापाचे धातूचे अस्तर घालणे. आमच्या शेजाऱ्यांच्या कोटेशनमध्ये ते नव्हते आणि काम अर्धे झाल्यावर त्यांना वेगळे पैसे मोजावे लागले.

एडिसनकर

दोघांचेही मनापासून आभार. थर्मोस्टॅटची नोंद पाहिली : सर्वांत थंड दिवशी फर्नेस २४ तासांत सुमारे १२ तास चालली, आणि पहाटेच्या सर्वांत कठीण तासात ३५ मिनिटे. चिमणी सामायिक आहे. दुसऱ्या कंत्राटदाराला विचारले असता अस्तराचे ९०० डॉलर वेगळे पडतील असे तो म्हणाला. हिशेबाची प्रत मात्र त्याने लगेच पाठवली. इतर दोघांनी ‘अनुभवावरून माप ठरवले’ असे सांगितले.

डक्टवाले काका

मग चित्र पुरेसे स्पष्ट आहे. चोवीसपैकी बारा तासांचा अर्थ ८०,००० च्या निम्मे, म्हणजे तासाला सरासरी ४०,००० बीटीयू, आणि पहाटेच्या त्या तासातही गरज ४७,००० च्या आतच होती. ५७,६०० पुरून उरतील. सासूबाईंना थंडी वाजणार नाही.

दुसऱ्याकडून अस्तरासह १५,८०० चे सुधारित कोटेशन लेखी घ्या. त्यात बाहेरचे यंत्र, कॉइल आणि फर्नेस यांचे मॉडेल क्रमांक, तसेच ही जोडी प्रमाणित असल्याचा एएचआरआय (अशा यंत्रांना प्रमाणपत्र देणारी संस्था) क्रमांक असावा. तांब्याच्या जुन्या नळ्या बदलणार की धुऊन वापरणार हेही लिहून घ्या, कारण आर-२२ च्या यंत्रातील खनिज तेल नव्या यंत्राला चालत नाही. सुट्या भागांची हमी कंपनीची असते, मजुरीची कंत्राटदाराची. दोन्हींची मुदत वेगवेगळी लिहायला सांगा. टाउनशिपचे परमिट त्याच्याच परवान्यावर निघाले पाहिजे आणि शेवटचा हप्ता तपासणी पार पडल्यावरच द्यावा. न्यू जर्सीत ५०० डॉलरवरील घरदुरुस्तीचा करार लेखी असणे बंधनकारक आहे, आणि त्याची प्रत हाती आल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो आपल्याला रद्द करता येतो.