पहिली-दुसरीच्या संगीत तासाला आधी काय: खेळगाणी की सारेगम?

मात्रा_आठ
पहिल्याच आठवड्यात पेटी उघडायची, फळ्यावर सा ते सां लिहायचे आणि दिवाळीपर्यंत दहा अलंकार (सारेग, रेगम अशा ठरावीक स्वरओळी) घोकून घ्यायचे, हा शिरस्ता अनेक शाळांत आहे. पालकांनाही तेच बरे वाटते, कारण ते वहीत दिसते. माझे म्हणणे असे की पहिलीचे वर्षभर पेटी बंदच असावी. अलंकार घोकलेल्या मुलाला 'आता ग पासून म्हण' सांगा. ते आधी मनात सा रे म्हणते आणि मगच ग वर येते. म्हणजे त्याला पाढा आला, स्वर आला नाही.

आधी लय अंगात मुरायला हवी. क्रम असा: पाऊल, मग टाळी, मग हातात वस्तू. टाळी सोपी वाटते, पण मुले मात्रेवर, म्हणजे लयीच्या ठोक्यावर, टाळी देतच नाहीत, शब्दातल्या अक्षरांवर देतात. चालताना मात्र शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते, तिथे लय आपोआप एकसारखी राहते. पाऊल पक्के झाले की निम्म्या वर्गाने पावले टाकायची आणि निम्म्याने शब्दांवर टाळ्या द्यायच्या. मात्रा वेगळी आणि अक्षरे वेगळी, हे तेव्हा न सांगता कळते.

नंतर दगड फिरवायचा खेळ. आठ-दहा मुले गुडघ्याला गुडघा लावून गोलात बसतात, प्रत्येकासमोर लिंबाएवढा चपटा दगड. एका मात्रेला आपल्यासमोरचा उचलायचा, पुढच्या मात्रेला उजवीकडच्या गड्यासमोर ठेवायचा. केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल; त्याच्या एका आवर्तनात, म्हणजे एका फेरीत, दगड चार घरे सरकतो. हमखास काय होते, तर कुणा एकापुढे तीन दगड साचतात. ते मूल डावीकडून येणाऱ्या दगडाकडे बघत बसलेले असते, म्हणून त्याचे उचलणे मागे पडते. अशा वेळी दगड बाजूला ठेवून चार आवर्तने तोंडाने 'उचल, ठेव' म्हणत नुसते हात चालवायचे आणि नजर आपल्या उजव्या हातावर ठेवायला सांगायचे.

पांढरी_दोन
ताई, दगडाच्या खेळाबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढे जे होते त्याबद्दल. खेळगाणी आज एका पट्टीत, म्हणजे सा एका उंचीवर, उद्या दुसऱ्या, बाईंचा आवाज लागेल तशी. तिसरीपर्यंत मुलांना चाळीस गाणी येतात आणि त्यातल्या एकाचाही सा दाखवता येत नाही. कान तयार व्हायचे हेच वय, ते असे घालवायचे का? पेटी नको तर नको, पण तानपुरा पहिल्या दिवसापासून लागलाच पाहिजे. तो मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. त्यातून खालचे सूर निघत नाहीत, मुलांना नुसती गुणगुण ऐकू येते आणि तिला सा लावता येत नाही. छोटा वेगळा स्पीकर जोडा.

पट्टीचेही सांगतो. सहा-सात वर्षांचा गळा मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (पेटीवरची दुसरी पांढरी कळ) पाच-सहा स्वर वर मोकळा चालतो. म्हणून तीच पांढरी दोन सा धरावी आणि प-ध च्या वर जायची घाई करू नये. बाई स्वतःच्या काळी चारला, म्हणजे त्याहून खालच्या पट्टीत, गायल्या की मुलांचा सा घशात बुडतो. पुरुष शिक्षकाचा आवाज मुलांपेक्षा सप्तकभर खाली असतो. मुले त्या सप्तकात उतरायला बघतात आणि मग गाणे बोलल्यासारखे होते. 'याला सूरच नाही' हा शेरा मारण्याआधी पट्टी बदलून बघा, पुष्कळदा तो शेरा तिथेच गळून पडतो.

मात्रा_आठ
तानपुरा मान्य, अगदी पहिल्या दिवसापासून. पेटी मात्र बंदच. ती सतत वाजत राहिली की मुले तिच्यावर आवाज चढवतात आणि ऐकायचे थांबतात.

स्वराची सुरुवात हाकेपासून करावी. हजेरी गाऊन घ्या: नाव प-ग या दोन स्वरांत, आणि मुलाने 'हजर' त्याच दोन स्वरांत म्हणायचे. एका हजेरीत प्रत्येक मुलाचा आवाज एकेकटा ऐकायला मिळतो, आणि कोरसमध्ये लपणारे मूलही लाजत नाही. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर जे शालेय संगीत उभे राहिले, त्यातही सुरुवात याच दोन उतरत्या स्वरांनी होते. त्यांची डो-रे-मी सरकती आहे, म्हणजे आपल्या सारेगमसारखी कुठल्याही पट्टीत नेता येते.

पांढरी_दोन
तो क्रम तिकडच्या मुलांच्या गाण्यांवरून लावलेला आहे. कोदाय यांचा मूळ आग्रह होता तो आपल्याच भाषेतल्या लोकगीतांपासून सुरुवात करण्याचा. तो खरा मानायचा तर भोंडल्याची गाणी घ्या. चाली गावागणिक बदलतात, पण बऱ्याचशा चार-पाच स्वरांतच फिरतात आणि ओळ घरी, म्हणजे सा वर, येऊन टेकते. शिवाय फेर धरलेलाच असतो, पाऊल वेगळे शिकवावे लागत नाही.

प-ग बद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तानपुरा नसेल तर प-ग आणि कोमल (उतरलेला) ग-सा यांत कानाला काहीच फरक नसतो, दोन्हींत अंतर तेवढेच. मूल खालच्या स्वराला सा समजून बसते. म्हणून हजेरी सा-रे-सा मध्ये घ्या, किंवा प-ग घ्यायचेच असेल तर उत्तरात मुलाला 'हजर' म्हणत सा वर उतरू द्या.

वर्गशिक्षक_दुसरी
दोघांचेही पटते, पण हा सगळा वाद संगीत शिक्षक आहेत असे धरून चालला आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत वर्गशिक्षकच सगळे विषय घेतो. पट चाळीसचा, तासिका अर्ध्या-पाऊण तासाची, आणि भिंतीपलीकडे दुसरा वर्ग. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वयासाठी खेळातून शिकण्यावर भर आहे, तो योग्यच आहे. पण चाळीस मुलांचे दगडाचे चार गोल एकटा माणूस कसा सांभाळणार? आणि ज्याला स्वतःलाच सा धरता येत नाही त्याने पट्टी कशी ठरवायची? अशा वर्गात स्वराचा आग्रह सोडून नुसती लय घ्यावी, असे माझे मत झाले आहे.

टिपरी
सर, दगड नकोत, टिपऱ्या घ्या. लेझीम शाळेत असते, पण पहिलीच्या मनगटाला ती जड. टिपरी वीतभरापेक्षा थोडी मोठी, अंगठ्याएवढी जाड पुरते. एका वेळी निम्मी मुले टिपऱ्या घेऊन जोडीने समोरासमोर, बाकीची जागेवर पाऊल टाकत गाणारी, आणि दोन आवर्तनांनंतर अदलाबदल.

केरवा असा बसवायचा: पहिल्या मात्रेला आपल्याच टिपऱ्या एकमेकींवर, दुसरीला जोडीदाराच्या उजवीवर, तिसरीला पुन्हा आपल्या, चौथीला जोडीदाराच्या डावीवर. पाचवी मात्रा कालाची, म्हणजे तालातली खाली जागा, तिथे काहीच वाजवायचे नाही. सहावी-सातवीला आपल्या, आठवीला जोडीदाराच्या दोन्ही. बिघडते ते नेमके पाचवीला. मुलांना तो मोकळा वेळ वाटतो, ती सहावीचा ठोका पाचवीलाच मारतात आणि आवर्तन सातात संपते. 'थांबा' म्हणून उपयोग होत नाही. त्या मात्रेला दोन्ही हात बाहेर उघडण्याची कृती द्या, ठोक्याएवढीच मोठी. न वाजलेली मात्राही हाताने भरली की आवर्तन आठाचे राहते, आणि काल म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि लय कमी करू नका. सोपे जावे म्हणून शिक्षक मिनिटाला साठ मात्रांवर येतात. लहान पायांना ती लय पेलत नाही, ती पळतातच. शंभर-एकशेदहाच्या आसपास ठेवा. ढोलकी असेल तर नुसता ठेका, 'धा गे ना ती न क धि ना', आणि तोही हळू आवाजात. नसेल तर बाकावर बोटे चालतात.

स्वर सोडून द्यावा हे मात्र पटत नाही. तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी दोन एकदा लावून ठेवा. तुम्ही गाऊ नका, मुलांकडून फक्त सा 'आ'कारात धरून घ्या, परिपाठानंतर दोन मिनिटे. शिक्षकाला गाता येत नसले तरी वर्गाला घर मिळते.

पांढरी_दोन
लयीचेच चालले आहे म्हणून विचारतो, मनाचे श्लोक का घेत नाही? शाळाशाळांत पाठ असतात. भुजंगप्रयात वृत्त, ओळीत १२ अक्षरे, लघु-गुरु-गुरु असे तीन-तीन अक्षरांचे चार गण.

टिपरी
पहिली-दुसरीला नको. एका गणाच्या मात्रा पाच होतात आणि पाय दोनच, त्यामुळे दर गण वेगळ्या पायावर सुरू होतो. मुले शेवटचे गुरू अक्षर ओढून पाचाच्या सहा करतात आणि आपल्याला वाटते की जमले. सहाच हवे असेल तर सरळ दादरा घ्या, तीन पावले पुढे, तीन मागे. पाचाचे चौथीत बघू.

पांढरी_दोन
ठीक. पण अलंकारांना घोकंपट्टीच ठरवून टाकू नका. तोही खेळ होतो. पाच मुले ओळीत उभी, एकेकाकडे सा ते प मधला एक स्वर. शिक्षकाने डोक्यावर हात ठेवला की त्याने आपला स्वर गायचा. आधी सरळ, मग सारेग, रेगम, गमप. ज्याचा स्वर नाही तो खाली बसलेला. उडी दिसते, आणि ग पासून सुरू करायला सा रे म्हणावे लागत नाही. ताईंचा पहिल्या पोस्टमधला आक्षेप इथे उरत नाही.

मात्रा_आठ
हा खेळ मी घेईन, पण दुसरीच्या दुसऱ्या सत्रात आणि दोन अटींवर. दर फेरीला जागा बदलायच्या, नाहीतर म वाल्या मुलाला वर्षभर म शिवाय काही येत नाही. आणि सुरुवात पाचांनी नको, सा रे ग अशी तिघांचीच. म आल्यावर मुले ग-म मधले लहान अंतर रे-ग एवढेच घेतात, म तीव्राकडे, म्हणजे चढ्या म कडे, सरकतो आणि प गाठताना सगळी ओळ सुटते. म वाल्या मुलाला ग वाल्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभे करायचे, बाकीच्यांत हातभर अंतर. परीक्षेची वही मात्र तिसरीपर्यंत नकोच, त्यावर मी ठाम आहे.