राणीबागेत वाघ दिसलाच नाही. पूर्वीची बाग बरी होती का?

डोंबिवलीचा_बाबा (मे २०२३)

नमस्कार मंडळी. परवा रविवारी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन भायखळ्याच्या राणीबागेत गेलो होतो. मी स्वतः शेवटचा गेलो होतो १९९४ साली, चौथीत असताना, आजोबांचं बोट धरून. तेव्हाचं एकच चित्र डोक्यात पक्कं आहे: लोखंडी गज, त्यामागे वाघ, आणि नाकात शिरलेला तो उग्र वास. वाघ इतका जवळ होता की त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या.

आता तिथे भली मोठी काच, आत गवत, दगड, पाण्याचं डबकं. वीस मिनिटं उभे राहिलो. वाघ दिसला नाही. लेक रडकुंडीला आली, शेवटी पेंग्विननी तिची समजूत काढली.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. बदल झालेत ते प्राण्यांच्या भल्याचे आहेत ना? कोणता प्राणी आणायचा, पिंजरा कसा बांधायचा, हे ठरवतं कोण? आणि लेकीला पुन्हा न्यायचं तर कधी न्यावं?

---

लालबागच्या_बाई

तुम्हाला १९९४ मध्ये वाघ दिसला, कारण त्याला जायला दुसरी जागाच नव्हती.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी चौथीचा वर्ग राणीबागेत न्यायचा, हे माझं ठरलेलं काम. चाळीस पोरं, एकाने दुसऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरायचं, लालबागहून चालत. त्या काळी कितीतरी ठिकाणी पिंजरे असेच असत, खाली फरशी आणि समोर गज. एका वर्षी वर्गातला एक अबोल मुलगा पिंजऱ्यापुढून हलेना. बाकीची पोरं डबे खायला झाडाखाली बसलीसुद्धा. मी ओढायला गेले तर म्हणाला, "बाई, हा थांबत का नाही?" वाघ चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, आणि दर वळणाला मान त्याच जागी तश्शीच फिरवत होता. मी म्हटलं, "त्याला भूक लागली असेल." खोटं बोलले. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यावं असंही पुढची कितीतरी वर्षं वाटलं नाही. याची रुखरुख आजही आहे.

त्यानंतर बागेत वाघच उरले नाहीत. दहा वर्षांहून जास्त काळ मुंबईची पोरं वाघाविना राणीबाग बघून परतली. मग फेब्रुवारी २०२० मध्ये संभाजीनगरच्या (तेव्हा औरंगाबाद) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली. बदल्यात इथून चितळ आणि चित्रबलाक पक्षी गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये करिश्माला दोन बछडे झाले, जय आणि रुद्र. मी त्यांना पाहायला तीन वेळा गेले. दोनदा गवतच बघितलं. तिसऱ्यांदा करिश्मा पाण्यात बसलेली दिसली, फक्त डोकं वर. माझ्या शेजारी एक बाई नातवाला सांगत होती, "हळू बोल, तिची आंघोळ चालली आहे." मला इतकं बरं वाटलं! पूर्वी त्या बागेत "ए वाघ, ए वाघ" असा आरडाओरडाच ऐकला होता.

पण बाबा, प्राण्यांइतकंच झाडांकडेही बघा. ही मुळात वनस्पतींची बाग. १८६२ मध्ये ती लोकांसाठी उघडली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी आमच्या तोंडी राणीबागच. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी ही झाडं त्या पन्नासेक एकरांत इतकी रुजलीत की एखादा नवा पिंजरा म्हणजे कुठल्या तरी मुळावर घाव. २००७ मध्ये ४३३ कोटींचा आराखडा निघाला, तेव्हा झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसांनी, त्यातही बायका पुढे होत्या, वर्षानुवर्षं कागदोपत्री लढा दिला. आराखडा बदलावा लागला. तो तसाच उभा राहिला असता तर आज वाघाला मागे दडायला झाडही मिळालं नसतं.

---

परळचा_पशुवैद्य

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. बाईंच्या त्या मुलाला उत्तर द्यावंसं वाटतं. एकाच रेषेत येरझाऱ्या घालणं, ठरावीक जागी मान वळवणं हे नुसत्या भुकेमुळे नसतं. करण्यासारखं काहीच उरलं नाही की बंदिस्त प्राण्यात ही सवय भिनते. म्हणून आता पिंजऱ्यात आडोसा, पाणी, उंचवटा, ओरखडायला ओंडका असं सगळं देतात. प्राण्याला माणसांच्या नजरेआड जाता आलं पाहिजे, हा आराखड्याचाच भाग असतो.

ठरवतं कोण? बाग महापालिकेची, म्हणजे पैसा पालिकेचा. रोजचा कारभार संचालकांकडे. पण प्राण्यांची अदलाबदल असो की बागेचा आराखडा, दिल्लीच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मंजुरी लागते. हे प्राधिकरण १९९२ पासून आहे. प्राणी बाजारातून विकत आणता येत नाही, मान्यताप्राप्त संग्रहालयांमध्ये देवाणघेवाण होते. पूर्वी मोठ्या खर्चाचे प्रस्ताव नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे जायचे. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासक म्हणून आयुक्तच निर्णय घेत होते. माझ्या मते हा बदल काचेपेक्षा मोठा होता. एखाद्या पिंजऱ्यावर प्रश्न विचारणारा आपल्या वॉर्डातला माणूसच तेव्हा सभागृहात नव्हता.

लेकीला न्यायचं तर बुधवार सोडून, बाग उघडताक्षणी. मे महिन्यात दुपारी वाघ सावलीत झोपणार, तो त्याचा स्वभावच.

---

माझगावकर

पेंग्विनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आले, त्यातली एक मादी त्याच ऑक्टोबरात दगावली. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं, आठवडाभरात तेही गेलं. त्या दिवशी माझ्या मुलाने जेवण टाकलं होतं. पुढे २०२१ मध्ये पिल्लं जगली. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. तरी मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी रात्रंदिवस यंत्रं चालवावी लागतात. तिकीट पाचाचं पन्नास झालं ते पेंग्विन आल्यावर, ऑगस्ट २०१७ मध्ये (चौघांच्या कुटुंबाला शंभर). मला वाटतं, तो पैसा आणि ती मेहनत आपल्याकडच्या कोल्ह्या-अस्वलांवर आधी लागायला हवी होती.

---

लालबागच्या_बाई

माझगावकर, पटतंय मला. पण एक सांगते. पेंग्विन आल्यावर आमच्या चाळीतली माणसं वीस वर्षांनी पुन्हा राणीबागेत गेली. गर्दी वाढली, कुजबुज वाढली, तशी नव्या पिंजऱ्यांची कामंही लोकांच्या नजरेत आली. हे झालं नसतं तर अस्वलाकडे तरी कोण बघायला गेलं असतं?

---

डोंबिवलीचा_बाबा

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं पहिलं वाक्य बायकोला वाचून दाखवलं, मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मिशा मोजण्याइतका जवळ आलेला तो वाघ माझी सगळ्यात लाडकी आठवण होती.

लेकीला काल सांगितलं की वाघोबा लपला होता. ती म्हणाली, "मग आपण हरलो?" मी म्हटलं, हो. तिला हे फार आवडलं. आता तिला पुन्हा लपाछपी खेळायला जायचं आहे. शनिवारी पहाटेची लोकल पकडतोय. उर्वशीचं झाड कुठे आहे, तेवढं सांगाल का?

---

लालबागच्या_बाई

फुलांचा बहर बहुतेक ओसरला असेल, पण पानं बघण्यासारखी असतात. कोवळी असताना तांबूस, अशी लोंबतात की सुकली आहेत असं वाटावं. फाटकावर माळीदादांना विचारा, कुणीही दाखवेल. शनिवारी मी असेनच, हातात निळी कापडी पिशवी. लेकीला माझ्याकडे पाठवा, ओंजळभर कैलासपतीची फुलं गोळा करू. पडलेलीच हं, तोडायची नाहीत.